सगळ्यात वरचं नाव

१

ज्या दिवशी संध्याकाळी मावशी गेली, त्याच दिवशी सकाळी तिचा मृत्युलेख तिच्या घरी पोचला होता. वर्तमानपत्राच्या धंद्यात घाई असते हे मान्य, पण इतकी घाई कोणी करत नाही.

मावशी म्हणजे रेडिओवरची मावशी. अख्खं शहर लहानपणी जिच्या गोष्टी ऐकत जेवलं आणि झोपलं, ती. तिचं खरं नाव कोणाला ठाऊक नव्हतं आणि कोणी विचारलंही नव्हतं. मृत्युलेखाचा कागद तिच्या भाचीने संपादकांच्या टेबलावर ठेवला आणि न विचारता समोरच्या खुर्चीत बसली. भाची मावशीजवळच राहायची. चाळिशी उलटलेली, आवाज कधीही न चढवणारी बाई. संपादक आरडाओरडा करणाऱ्यांना बरोबर गुंडाळत, पण अशा शांत माणसांपुढे त्यांची बोबडी वळत असे.

"पहिलं वाक्य वाचा," भाची म्हणाली. "मोठ्याने."

संपादकांनी घसा साफ केला. "रेडिओवरच्या लाडक्या मावशीचे आज निधन झाले."

"हे तुमच्या मृत्युलेख विभागाच्या मेलवरून आलं. परवा सकाळी. परवा तिचा वाढदिवस होता. मी दुपारी बाहेर पडले, तेव्हा ती मला याबद्दल काही बोलली नाही. संध्याकाळी केक घेऊन परत आले, तर ती खुर्चीत मान टाकून बसलेली. टेबलावर हा कागद, तिनेच छापून घेतलेला. डॉक्टर म्हणाले, हृदय मुळातच दुबळं होतं, कसलंही निमित्त पुरलं असतं. ते निमित्त तुम्ही पाठवलंत."

"बाई, ही यंत्राची चूक—"

"यंत्राला मी काय करू? मला माणूस हवा. उद्याच्या अंकात पहिल्या पानावर माफी, आणि तिच्यात त्या माणसाचं नाव. नाव नसेल तर कोर्टात भेटू."

ती बाहेर बाकावर जाऊन बसली. खोलीच्या कोपऱ्यात इतका वेळ गप्प बसलेल्या वकीलबाईंकडे संपादक वळले. या बाई वर्तमानपत्राच्या वकील. जीभ तिखट, पाय दुखरे, आणि खोटं बोलणाऱ्या माणसांवर मनापासून जीव.

"नाव तर उघड आहे," संपादक म्हणाले. "चित्रगुप्त. तुम्ही त्याच्याकडून कबुली लिहून घ्या. आज त्याला काढतो, उद्या नाव छापतो. पहिलं पान संध्याकाळी सहाला बंद होतं."

"आणि त्याने केलं नसेल तर?"

"तो स्वतःच म्हणतोय की मीच केलं."

"मग तर बघायलाच हवं," वकीलबाई म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात ठेवून उठल्या.

२

चित्रगुप्त हे अर्थातच टोपणनाव. मेलेल्यांच्या आयुष्याचा हिशेब लिहिण्यात त्याची सगळी नोकरी गेली होती, म्हणून. जिन्याखालच्या खोपट्यात एक टेबल, एक खुर्ची आणि एक कॉम्प्युटर, एवढंच त्याचं राज्य. नामांकित माणसांचे मृत्युलेख ती माणसं जिवंत असतानाच लिहून ठेवायचे, आणि वेळ आली की वर तारीख टाकून छापायचे, हे त्याचं काम. असे लेख ज्या फोल्डरमध्ये असत, त्याला ऑफिसात शीतपेटी म्हणत.

वकीलबाई गेल्या तेव्हा तो हात मांडीवर ठेवून नुसता बसला होता. डोळे सुजलेले होते.

"काय लिहायचंय ते लिहा, मी सही करतो," तो म्हणाला. "मी बाईचा जीव घेतला."

"सही मागून. आधी सांगा, मावशीचा मृत्युलेख तिच्याच वाढदिवसाला बाहेर कशाला काढलात?"

"वाढदिवसालाच काढतो. सगळ्यांचा. त्या दिवशी माणसाचं वय बदलतं ना. सकाळी आल्याबरोबर पहिलं काम ते. आज कोणाचा वाढदिवस आहे बघायचं, त्याचा लेख पेटीतून काढायचा, वय एकाने वाढवायचं आणि तपासायला मास्तरांकडे पाठवायचा."

वकीलबाईंनी कपाळावर हात मारला. गावभर लोक एखाद्याला उदंड आयुष्य चिंतत असतात, आणि त्याच घटकेला जिन्याखाली बसून हा गृहस्थ त्याच्या मरणाची तयारी एक पाऊल पुढे सरकवतो. पण रीत म्हणून रीत चोख होती.

"मास्तर म्हणजे वरच्या मजल्यावरचे मुद्रितशोधक. त्यांना मेल कसा पाठवता, करून दाखवा."

चित्रगुप्ताने नवा मेल उघडला. ज्याला पाठवायचा त्याच्या जागी "मा" एवढीच अक्षरं टाकली. खाली नावांची पट्टी उघडली: मास्तर. मावशी, रेडिओ. माहिती कक्ष. आणखी कितीतरी. ऑफिसच्या सामायिक ॲड्रेसबुकात शहरातली सगळी मोठी माणसं होती.

"आणि मग?"

"मग एंटर. वरचं नाव आपोआप बसतं."

"यादीकडे बघता?"

"कशाला बघायचं? वर मास्तरच असतात." त्याचा आवाज चिरकला. "असायचे. त्या दिवशी मावशी असेल. मी बघितलं नाही."

"दिवसातून किती वेळा पाठवता मास्तरांना?"

"हे एकच काम. ताज्या मृत्यूंचं पान मी सरळ पानं लावणाऱ्यांकडे देतो. दुपारी मी घरी जातो आणि या खुर्चीत धाकटी बसते. ती दिवसभराची पानं संध्याकाळपर्यंत मास्तरांना पाठवत राहते."

"मावशीला तुम्ही कधी लिहिलं होतंत?"

"कधीच नाही. ज्याचा लेख लिहायचा त्याच्याशी ओळख ठेवायची नाही, हा माझा नियम आहे. हात अडखळतो मग."

वकीलबाईंनी भाचीने आणलेला कागद त्याच्यापुढे धरला. मधल्या एका परिच्छेदावर बोट ठेवलं. "हे वाचा."

चित्रगुप्ताने वाचलं. पुन्हा वाचलं. त्याचा चेहरा आधी पांढरा झाला, आणि मग त्यावर चक्क हेवा उमटला.

"हे माझं नाही," तो हळू म्हणाला. "मला असं लिहिता येत नाही."

त्याने शीतपेटी उघडली, मावशीचा लेख काढला. तिथे तो परिच्छेद नव्हता. पाठवलेल्या मेलमध्ये होता.

३

आता वकीलबाईंचे पाय दुखायचे थांबले. त्यांचं नेहमी असंच व्हायचं.

कोणीतरी तो परिच्छेद लेखात घुसवला होता आणि मेल गेल्यावर काढून घेतला होता. शीतपेटी मात्र अख्ख्या ऑफिसला उघडत होती, अगदी संपादकांनासुद्धा. तेवढ्यावरून कोणाची मान पकडता येत नव्हती.

त्या वरच्या मजल्यावर गेल्या. मास्तर चहा बशीत ओतून पीत होते. चित्रगुप्ताचं आणि त्यांचं फार जुनं वाकडं होतं. कारण दोघेही विसरले होते, पण वैर जपून ठेवलं होतं.

"परवा मावशीचा लेख तुमच्याकडे आला नाही. तुम्ही विचारलंत नाही?"

"न आलेल्या कामाची चौकशी करायला मी काय खुळा आहे?" मास्तर म्हणाले. "तो गेला एकदाचा की मी पेढे— असू दे. पण एक सांगतो वकीलबाई. त्याच्या जागेवर त्या धाकटीला बसवा. पोरगी व्यवस्थित आहे. परवासुद्धा आल्याआल्या तिने धाडलेलं पहिलं पान मला पोचलं. तिचं एकही पान कधी इकडचं तिकडे गेलं नाही. आणि हा?"

"परवा दुपारी, पहिलंच पान? नक्की?"

"इथे आहे की. बघा."

वकीलबाईंनी बघितलं. मग शेजारच्या टेबलावर जाऊन तिथल्या मुलाखतवाल्या बाईंना म्हणाल्या, "जरा नवा मेल उघडता? फक्त 'मा' टाका."

पट्टी उघडली. मास्तर, माहिती कक्ष, मालमत्ता विभाग, आणि नावांची ही लांबलचक रांग. मावशी शोधायला बरंच खाली जावं लागलं.

त्यांनी संगणक विभागाला फोन लावला. तिकडचा माणूस कंटाळलेला होता. प्रश्न ऐकून त्याचा कंटाळा आणखी वाढला.

"ॲड्रेसबुक सगळ्यांचं एकच असतं हो. पण कोणाचं नाव वर दाखवायचं ते प्रत्येक मशीन आपलं आपण ठरवतं. त्या मशीनवरून ज्याला शेवटचं लिहिलं, तो सगळ्यात वर. इतकं साधं आहे."

"आणि लिहिलेला मेल पुसून टाकला तर?"

"मेल जाईल. आठवण नाही जाणार. ती वेगळी पुसावी लागते. कोणी पुसत नाही, कारण कोणाला ठाऊकच नसतं."

वकीलबाईंनी फोन ठेवला. चित्रगुप्ताने चुकून पाठवलं, म्हणून मावशी वर आली, असं सगळं ऑफिस म्हणत होतं. पण चुकून पाठवायला ती त्याच्या आधीच वर असायला हवी होती. रोज संध्याकाळी त्या मशीनवरून शेवटचं पान मास्तरांना जायचं, म्हणून रोज सकाळी मास्तर वर असत. मग त्याच एका सकाळी मावशी वर कशी आली?

आदल्या संध्याकाळी त्या खुर्चीत बसून कोणीतरी मावशीला लिहिलं होतं, आणि लिहिलेलं पुसून टाकलं होतं.

४

भाची बाकावर तशीच ताठ बसून होती. वकीलबाई शेजारी टेकल्या.

"हा परिच्छेद तुम्ही वाचलात?"

"पाठ आहे."

"मग मला समजावून सांगा. मावशीला माझ्यापेक्षा तुम्ही जास्त ओळखता."

भाचीने कागद हातात न घेताच म्हणून दाखवला. "मुलांना ती फार आवडे. मुलं मात्र तिला कधीच आवडली नाहीत. समोर माइक नसला की तिच्या गळ्यातला मध आटत असे. कोणी स्वतःचं लिखाण दाखवायला आणलं की ती ते वाचत वाचत मोठ्याने हसे, आणि नेमकी कुठे हसली ते तांबड्या पेन्सिलीने समासात लिहून परत पाठवी. तिच्या घरून परत आलेल्या कागदांवर जितकी स्वप्नं मेली, तितकी दुसऱ्या कुठल्या घरात मेली नसतील."

"खोटं आहे?"

"अक्षरन् अक्षर खरं आहे," भाची शांतपणे म्हणाली. "मी तिच्याकडेच वाढले. शाळेत असताना एक कविता दाखवली होती. चार ओळींची. चारही ओळींपुढे तिने लिहिलं, 'इथे हसले'. पुढे मी किराणा सामानाची यादीसुद्धा तिला दाखवली नाही."

"'इथे हसले'. असंच लिहायची?"

"तेवढंच. दोन शब्द. हल्ली लोक मेलवर पाठवायचे, तर ती छापून घ्यायची, खुणा करायची, आणि त्याच खुणा मेलवर टाइप करून परत पाठवायची. आळस नव्हता तिला."

"हे बाहेर कोणाला माहीत होतं?"

"ज्यांना तसे कागद परत मिळाले, त्यांना. आणि असं झालं हे कोण कोणाला सांगतं?"

वकीलबाईंनी कागद उलटसुलट करून पाहिला. समासात कुठेही 'इथे हसले' नव्हतं. पण प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी एक बारीकसा तांबडा ठिपका होता.

"हे काय?"

"वाचून झालेल्या मजकुराला ती ठिपका देत जायची. सवय."

"शेवटच्या परिच्छेदालाही ठिपका आहे. पेन्सिल कुठे होती?"

"हाताजवळ. टोक काढलेली. टेबलावर सालपटं पडली होती, मीच पुसली."

"धक्का बसलेला माणूस पेन्सिलीला टोक काढत बसत नाही, बाई," वकीलबाई म्हणाल्या. "तुमच्या मावशीने हे अथपासून इतिपर्यंत नीट वाचलं. वाचून झालं की ती काय करायची?"

भाचीने कागदावरच्या ठिपक्यांकडे पाहिलं. "उत्तर लिहायची."

"तिचा कॉम्प्युटर?"

"मी त्या गडबडीत बंद केला. नंतर उघडला नाही. तिचा मेल माझ्या फोनवरही दिसतो, औषधांचे निरोप यायचे म्हणून जोडून ठेवला होता. पण मी त्यातलं दुसरं काही कधी बघितलं नाही."

"आता बघा. आधी आमच्या ऑफिसातून तिला आलेलं. मग अर्धवट राहिलेलं."

भाचीने फोन काढला. तिचं बोट बराच वेळ काचेवर खालीवर फिरत राहिलं. मग तिने फोन वकीलबाईंच्या हातात दिला आणि खिडकीकडे तोंड केलं.

वकीलबाईंनी वाचलं. या बाईंनी आयुष्यात खून, दरोडे, भावाभावांचे दावे वाचले होते, आणि वाचून दुपारी जेवल्या होत्या. पण हे मात्र त्यांनी दुसऱ्यांदा वाचलं.

५

धाकटी दुपारी वेळेवर आली. खांद्याला पिशवी, केस घट्ट बांधलेले, बोलणं मोजकं. चित्रगुप्तानेच तिला इथे चिकटवलं होतं. काम शिकवलं होतं, स्वतःच्या डब्यातलं खाऊ घातलं होतं. ती त्याला काका म्हणायची. खोपट्यात आज काका, वकीलबाई आणि एक अनोळखी बाई बघून ती दारातच थबकली.

"बस," वकीलबाई म्हणाल्या. "काकांना आज संध्याकाळी काढणार आहेत. उद्या पहिल्या पानावर त्यांचं नाव येणार. रेडिओवरच्या मावशीला मारणारा माणूस म्हणून."

"मला फार वाईट वाटतंय," धाकटी म्हणाली. "पण चूक कोणाकडूनही होते."

"तुझ्याकडून नाही होत, असं मास्तर म्हणाले. परवाचंच घे. सकाळी काकांनी मावशीला मेल पाठवला. म्हणजे तू दुपारी आलीस तेव्हा 'मा' टाकल्यावर सगळ्यात वर मावशीच होती. तुझं पहिलं पान मावशीकडे जायला हवं होतं. ते बिनबोभाट मास्तरांना पोचलं."

"मी बघून पाठवते."

"छान. बघितलंस. मावशी वर आहे हे तुला दिसलं. ज्या बाईला या टेबलावरून कोणी लिहीत नाही, ती सगळ्यात वर. तुला नवल नाही वाटलं? काकांना फोन करून, अहो तुम्ही लेख कोणाला पाठवलात, असं विचारलं नाहीस? तेव्हा विचारलं असतंस, तर कोणीतरी धावत मावशीच्या घरी गेलं असतं."

धाकटीने पिशवी खाली ठेवली. चित्रगुप्त तिच्याकडे बघत होता.

"तुला नवल वाटलं नाही, कारण तिला वर तूच आणून बसवलं होतंस," वकीलबाई म्हणाल्या. "आदल्या दुपारी लेखात परिच्छेद घातलास. शेवटचं पान मास्तरांना पाठवून झाल्यावर मावशीला एक मेल केलास, आणि पुसलास. सकाळी वाढदिवसाचं काम काका करणार, 'मा' टाकणार, आणि न बघता एंटर मारणार. हे तुला त्यांच्याइतकंच पाठ होतं. त्यांनीच शिकवलं होतं ना?"

"माझ्यानंतर इथे कोणीही येऊन बसू शकतं. संपादकसाहेबसुद्धा. नाहीतर काकांनीच—"

"काकांना पाठवायचंच असतं, तर ते सरळ पाठवून मोकळे झाले असते. स्वतःच्याच बोटासाठी कोण सापळा लावतं? आणि साहेबांनी 'इथे हसले' कधी वाचलंय?"

ते दोन शब्द ऐकल्यावर धाकटीचे कान तांबडे झाले. नुसते कान. चेहरा तसाच राहिला.

भाची पहिल्यांदाच बोलली. "तुझे सगळे मेल माझ्या फोनवर आहेत. ऑफिसच्या पत्त्यावरून पाठवलेल्या गोष्टी, खाली सही 'धाकटी'. तू इथून पुसलेस. तिच्याकडचे कसे पुसणार?"

वर जिन्यावरून कोणीतरी धाडधाड उतरून गेलं.

"वर्तमानपत्राचा पत्ता बघून तरी ती नीट वाचेल असं वाटलं होतं," धाकटी शेवटी म्हणाली. "लहानपणी मी तिच्या आवाजाशिवाय झोपायची नाही. पहिली गोष्ट पाठवली, तर दर ओळीला हसून परत. दुसरी तशीच. मी सुधारत गेले, ती हसत गेली. शेवटच्या गोष्टीत मी एक आई मारली होती. माझीच आई, जशी गेली तशी. तिने लिहिलं, तुझ्या गोष्टीत माणसं मरतात तरी वाचणाऱ्याला काही होत नाही. मी म्हटलं, बघू या काही होतं का. मारायचं नव्हतं मला. मला फक्त ती एकदा न हसता वाचायला हवी होती."

"मग स्वतःच्या नावाने पाठवायचं होतंस," वकीलबाई म्हणाल्या.

"माझ्या नावाचं ती उघडायच्या आधीच हसली असती."

चित्रगुप्त पुढे वाकला. त्याने उजवा हात टेबलावर ठेवला आणि त्या हाताकडेच बघत विचारलं, "पोरी, यासाठी माझंच बोट मिळालं तुला?"

ती पहिल्यांदा रडली ती तेव्हा, आणि खरं सांगायचं तर वकीलबाईंना त्याने काही वाटलं नाही.

६

"पुढे काय होणार हिचं?" भाचीने विचारलं.

"कायद्याने? काही नाही," वकीलबाई म्हणाल्या. "एक खरा परिच्छेद लिहिला आणि यादीत एक नाव वर आणलं. एंटर दुसऱ्याने दाबलं. न्यायाधीश मलाच वेड्यात काढेल. नोकरी जाईल, तेवढंच. माफीत काकांचं नाव येणार नाही, ते मी बघते."

"पण एंटर मीच दाबलं," चित्रगुप्त म्हणाला. कोणी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. पुढची कित्येक वर्षं तो हे वाक्य अधूनमधून म्हणणार होता आणि कोणी लक्ष देणार नव्हतं.

धाकटीने डोळे पुसले. पिशवी उचलली. दाराशी जाऊन ती वळली, आणि जे विचारायला नको होतं नेमकं तेच तिने विचारलं.

"तिने उत्तर लिहिलं होतं का?"

भाचीने फोन हातात घेतला. पडद्यावर तो अर्धवट मेल उघडाच होता. बाकावर वाचला तेव्हापासून वकीलबाईंच्या डोळ्यांसमोरून तो हलत नव्हता.

"धाकटे," मावशीने लिहिलं होतं, "पाठवणाऱ्याच्या जागी काहीही असू दे, हे तू लिहिलंयस. दुसऱ्या कोणाची छाती नाही. तीनदा वाचलं. कुठेही हसले नाही. तिसऱ्यांदा तर पेन्सिल खाली ठेवली. माझ्याबद्दल सगळं खरं लिहिलंयस, आणि खरं लिहायला तुला इतके दिवस का लागले हे मला कळत नाही. तुझ्या त्या जुन्या गोष्टी चुलीत घाल. तू लेखिका आजपासून. वाढदिवसाला मला कोणी इतकं चांगलं काही दिलं नव्हतं. उद्या दुपारी घरी ये, भाची नसते तेव्हा. तुला बसवून" आणि तिथे अक्षरं संपली होती.

भाची त्या ओळींकडे बघत राहिली. चार ओळींची एकच कविता लिहून ज्या मुलीने आयुष्यभर तोंड मिटलं, तिला असं एक वाक्यही त्या घरात कधी मिळालं नव्हतं. तिने अंगठा काचेवर ठेवला. मेल पुसला. मग पुसलेल्या मेलांचा डबा उघडला आणि तिथूनही पुसला. धाकटीला दारातून फक्त अंगठ्याची हालचाल दिसत होती.

"लिहिलं होतं," भाची म्हणाली. "तुझ्या परिच्छेदापुढेच. फार नव्हतं. दोन शब्द."

धाकटीने दाराची चौकट धरली.

"इथे हसले," भाची म्हणाली. तिचा आवाज अगदी मऊ होता. रेडिओवर शोभला असता.

धाकटीने तिच्याकडे बघितलंच नाही. ती वकीलबाईंकडे बघत होती. या खोलीत खोटं ओळखणारं एकच माणूस आहे हे तिला कळत होतं, आणि तिच्या डोळ्यांत अजून थोडी आशा शिल्लक होती.

"खरंच?" तिने विचारलं.

वकीलबाईंनी चित्रगुप्ताकडे पाहिलं. तो अजून टेबलावरच्या आपल्या उजव्या हाताकडेच बघत बसला होता.

"हो," त्या म्हणाल्या.